टेम्परेचर गन आणि ब्रेक ऑइलचं पेन: एक पावसाळा वापरून झाल्यावर

ही दोन्ही खेळणी मी पावसाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन मागवली, गन (लांबूनच तापमान मोजणारी) हजार-बाराशेला आणि ब्रेक ऑइल तपासायचं पेन चारशेच्या आत. आता चतुर्थी झाली, दिवाळी पण झाली, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. गाडी साधी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम. घर मांद्र्याला, दर्याचं खारं वारं चोवीस तास, आणि बायकोचं माहेर बेळगावला म्हणजे चोर्ला घाट ठरलेलाच.

गनचं आधी सांगतो कारण पैसे तिनेच वसूल केले. गाडी जड चालायची, ॲव्हरेज पडलेलं, आणि घाट उतरला की पुढच्या डाव्या चाकाकडून करपट वास. गॅरेजवाल्याने चाक न काढताच निकाल दिला, "पात्रांव, दोनूय डिस्क बदलूंक जाय." म्हटलं थांब जरा. पुढच्या खेपेला अंजुणे धरणाजवळ गाडी बाजूला घेऊन गन मारली तर उजवी डिस्क १२० च्या आसपास आणि डावी २०० पार. पण घाटातल्या आकड्यावर जाऊ नका, तिथे सगळंच तापतं. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर चालवली, शेवटी ब्रेकला जवळजवळ पाय न लावता गाडी आपली आपण हळू होऊ दिली आणि उतरून लगेच मोजलं. उजवी ४५, डावी ११०. म्हणजे पाय काढला तरी डावीकडचा ब्रेक सुटतच नव्हता.

चाक काढलं तर डिस्कला चिमटीत धरणाऱ्या दोन ब्रेक पॅडपैकी आतला पत्र्याला टेकायला आलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक! असं दिसलं की पहिला संशय कॅलिपरच्या (पॅड धरून ठेवणारा सांगाडा) स्लाइड पिनांवर घ्यायचा, कॅलिपर त्यांच्यावरच सरकतो. पिस्टन आतला पॅड दाबतो पण कॅलिपर सरकतच नाही, मग बाहेरच्या पॅडला काम नाही आणि आतला मरतो. पिनचं रबरी बूट फाटलेलं, आत गंज, पिन हाताने हलेना. साफ केली, बूट नवं घातलं, सिलिकॉन ग्रीस लावलं (बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन परत जाम), पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते ती बघून मोजली, भरपूर आहे, त्यामुळे डिस्क त्याच. खर्च डिस्कच्या मानाने किरकोळ.

पिना मोकळ्या असूनही चाक जाम असेल तर गाडी जॅकवर घेऊन ब्लीडिंग निपल (कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा स्क्रू) जरासा सैल करून बघायचा. ऑइल फसकन आलं आणि चाक सुटलं तर प्रेशर अडकलंय, होज (ऑइलची रबरी नळी) नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडलपाशी प्रेशर तयार करणारा) बघा. तरी सुटत नसेल तर पिस्टनच धरलाय. हे मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या, नंतर ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, लागतं.

उलटं पण होतं, ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते आणि उजवी डिस्क थंड, तर काम उजवीकडचा ब्रेक करत नाहीये. त्याआधी टायरची हवा बघा मात्र, निम्म्या वेळा तीच असते.

गनची खोड एकच. चकचकीत डिस्कवर ती खऱ्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून आकडा खरा मानू नका, डावी-उजवी एकाच जागी, तेवढ्याच अंतरावरून मोजून फरक बघा. आणि लांबून मारू नका, लाल ठिपका बारीक दिसला तरी ती मोजते मोठ्या गोलातलं. मागचे ड्रम पुढच्यापेक्षा थंड असणारच, त्यावरून घाबरू नका.

आता पेन. नाही आवडलं. ते ऑइलमधून वीज किती जाते ते बघून पाण्याचा अंदाज हिरव्या-पिवळ्या-लाल दिव्याने सांगतं, हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बदला, आणि तो प्रकार ऑइलच्या ब्रँडवर पण असतो. मी सीलबंद डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) च्या दोन वेगळ्या बाटल्या फोडून बघितल्या, एकीत हिरवा, दुसरीत चक्क पिवळा. मग जुन्या ऑइलचा लाल दिवा किती खरा मानायचा? डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी मुरलेलं १५५ ला उकळलं तरी ते नियमात बसतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत पाणी मुरणारच. घाटात उकळलं की वाफेचे बुडबुडे आणि पेडल सरळ खाली, गाडी गार झाली की परत व्यवस्थित, म्हणून गॅरेजला काही सापडत नाही. पेडल थंड गाडीतही मऊ असेल तर लाइनमध्ये हवा. त्या पेनापेक्षा दोन वर्षांनी डोळे मिटून ऑइल बदला.

बाकी जुलैत गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर लालसर गंज येतो, पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होते आणि जाते, त्यात काही नाही. हँडब्रेक मात्र पावसात ओढून ठेवू नका, लायनर (ड्रमच्या आतला घासणारा थर) ड्रमला धरतं. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

गनमधली बॅटरी काम झालं की काढून ठेवा, माझ्या गनचे पॉइंट ऑगस्टमध्येच हिरवे पडले होते, घासून काढावे लागले.