मातीची कुंडी की प्लास्टिकची?

मॉन्स्टेरा, मनीप्लांट, पीस लिली ही घरातली झाडं मुळात दमट जंगलातली. त्यांना ओल हवी, पण मुळांशी साचलेलं पाणी नको. कुंडी निवडताना घोडं इथेच अडतं.

मातीची कुंडी सच्छिद्र. तिच्या भिंतीतून पाणी झिरपून उडून जातं, त्यामुळे आतली माती लवकर वाळते. बाहेरून दिसणारे पांढरे डाग क्षारांचे असतात, कुंडी बिघडल्याचे नाहीत. झाड दिसलं की पाणी घालायची सवय असेल, तर हीच घ्या. स्नेक प्लांटला तर डोळे झाकून.

प्लास्टिकची हलकी आणि ओल धरून ठेवणारी. फर्न, कॅलेथिया यांना कोरडं पडलेलं सोसत नाही, त्यांना ती मानवते. मात्र मातीत दोन पेरं बोट खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालू नका. माझी पीस लिली अशीच गेली: वर माती कोरडी, खाली चिखल, मुळं तपकिरी आणि लिबलिबीत.

तळाला भोक दोन्हींत हवंच. खाली खडे भरून निचरा सुधारत नाही, उलट ओल वर सरकते. आणि नवी कुंडी जुनीपेक्षा 3 ते 5 सेंटीमीटरच रुंद असावी.