रस्टच्या सर्व्हरसाठी प्लगइन लिहून घेताना झालेली फसवणूक

रस्ट या खेळाचा स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी पैसे मोजून प्लगइन (खेळात नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) लिहून घेण्यापूर्वी हा अनुभव वाचावा. सर्व्हरवरील, खेळात सामान ठेवण्याची प्रत्येक पेटी खेळाडूंच्या कोणत्या गटाची आहे आणि तिच्यातून कोणी काय काढले, याची नोंद मला त्या पेटीशीच जोडायची होती आणि ती रीस्टार्टनंतरही टिकायला हवी होती. काम घेतलेल्या प्रोग्रामरने स्क्रीन शेअर करून प्रात्यक्षिक दाखवले. त्याने पेटीवर नोंद केली, कन्सोलमध्ये ‘डेटा सेव्ह झाला’ अशी ओळ उमटली, मग ‘रीस्टार्ट करतो’ असे सांगून तो पुन्हा खेळात आला, तर नोंद शाबूत होती. प्रत्यक्षात सर्व्हर बंद झालाच नव्हता. तो केवळ खेळाडू म्हणून बाहेर पडून परत आला होता.

पूर्ण रक्कम घेऊन त्याने प्लगइन दिले आणि पहिल्याच खऱ्या रीस्टार्टनंतर सगळ्या नोंदी नाहीशा झाल्या. त्यावर, रीस्टार्टमुळे प्रत्येक वस्तूचा नेट आयडी (सर्व्हरने तिला दिलेला ओळख क्रमांक) बदलतो, म्हणून स्वतंत्र डेटाबेस लागेल, असे सांगून त्याने आणखी पैसे मागितले. खोटे बोलायचेच, तर निदान तपासायला अवघड असे तरी बोलावे. नेट आयडी जगाच्या सेव्ह फाइलमध्येच लिहिलेला असतो आणि वाइप होईपर्यंत, म्हणजे जग पुसून नव्याने सुरू करेपर्यंत, तोच राहतो.

एका जाणकार मित्राने सोर्स कोड वाचला, तेव्हा उलगडा झाला. नोंदी पेटीला चिकटवलेल्या युनिटीच्या (रस्ट ज्यावर बनला आहे त्या गेम इंजिनच्या) कंपोनंटमध्ये, म्हणजे निव्वळ मेमरीत होत्या. खेळाच्या सेव्ह फाइलमध्ये असा कंपोनंट जात नाही. ‘सेव्ह झाला’ ही छापलेली ओळ होती, तिच्यामागे फाइल लिहिणारा कोडच नव्हता. ऑक्साइडच्या (सर्व्हरवर प्लगइन चालवणाऱ्या प्रणालीच्या) डेटा फोल्डरमध्ये त्या प्लगइनची जेसन फाइलही, म्हणजे माहिती साठवणारी मजकूर फाइलही, नव्हती. हे विचारल्यावर त्या प्रोग्रामरने उत्तर देणे बंद केले.

मित्राने नंतर नेट आयडीनुसार नोंदी ठेवून त्या जेसन फाइलमध्ये लिहिल्या. हे लेखन जगाच्या सेव्हबरोबरच, ‘ऑन सर्व्हर सेव्ह’ या हुकमध्ये (सर्व्हर सेव्ह होताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) होते, कारण सर्व्हर अचानक कोसळून जग मागच्या सेव्हवर गेले आणि नोंदी मात्र पुढच्या राहिल्या, तर त्या भलत्याच वस्तूला चिकटू शकतात. पेटी फुटली की तिची नोंद काढली जाते आणि वाइपनंतर फाइल रिकामी होते. प्लगइन पाहताना विक्रेत्याकडून सर्व्हरची प्रोसेस आपल्यासमोर बंद करून घ्यावी, ती पुन्हा सुरू होण्यापूर्वीच जेसन फाइल उघडून पाहावी, आणि तोपर्यंत रक्कम रोखून ठेवावी.