टाकीत अमोनिया वाढला: पाणी बदलायचं, झिओलाइट घालायचं की फिल्टरवर थांबायचं?

मासे वर येऊन धापा टाकतायत, कल्ले लालसर झालेत आणि टेस्ट किटवर अमोनिया 1 मिलिग्रॅम प्रति लिटर. उपाय ठरवण्याआधी पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) बघा. किट एकूण अमोनिया दाखवतं, म्हणजे मुक्त अमोनिया आणि त्याचं निरुपद्रवी रूप अमोनियम मिळून. त्यातला खरा घातक भाग मुक्त अमोनिया, कारण तो कल्ल्यांतून सहज आत शिरतो. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर हा भाग जेमतेम अर्धा टक्का, 8 ला पाच टक्क्यांवर, 9 ला एक तृतीयांशाहून जास्त. त्यामुळे 1 हाच आकडा एका टाकीत निभावतो आणि दुसरीत मासे मारतो.

मासा शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटेच बाहेर टाकतो. पाण्यातच तो साठला की ही वाट अडते, रक्तातलं प्रमाण चढतं, मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. कमी प्रमाण पण आठवडेच्या आठवडे राहिलं तर कल्ल्यांचे पापुद्रे जाड होतात, वाढ खुंटते.

अशा वेळी पाणी बदलणं सर्वांत जलद. अर्धं पाणी बदललं की अमोनियाही अर्धा, पण नवं पाणी क्लोरीनमुक्त हवं. नवीन पाण्याचा पीएच टाकीपेक्षा बराच जास्त असेल तर उरलेला निरुपद्रवी अमोनियमही विषारी रूपात जातो, म्हणून तिथे थोडं थोडं बदला.

झिओलाइट हे खनिज अमोनियम शोषून घेतं. क्वारंटाइन टाकीसाठी (नवे किंवा आजारी मासे वेगळे ठेवायची टाकी) उत्तम, कायमचा इलाज म्हणून मला पटत नाही: फिल्टरमधल्या जीवाणूंचं खाद्यच ते पळवतं. शिवाय मीठ घातलंत तर पकडलेला अमोनिया परत सोडतं. आजारी माशाला मीठ घालायची सवय अनेकांना असते, तेव्हा जपून.

जीवाणूंचा फिल्टर हाच टिकाऊ मार्ग, पण नव्या टाकीत तो बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात जीवाणूंनी अमोनियापासून बनवलेलं नायट्राइट चढतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. गंमत म्हणजे तिथे मीठच उपयोगी पडतं, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांत शिरू देत नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

माझा कौल: मासे आज धापत असतील तर पाणी बदला. फिल्टर बसेपर्यंत चाचणी रोज करा. झिओलाइट तेवढ्यापुरतंच. आणि काहीही निवडलं तरी एक-दोन दिवस खाद्य बंद. मोठ्या निरोगी माशांना त्याने काही होत नाही, अमोनिया मुळात खाद्यातल्या प्रथिनांतूनच येतो.