मल्टिफ्युएल स्टोव्ह घेण्याआधी इंधनाचं बघा

सह्याद्रीत शनिवार-रविवारचे मुक्कामी ट्रेक एवढाच बेत असेल तर मल्टिफ्युएल स्टोव्हवर (एकाहून जास्त इंधनांवर चालणाऱ्या) पैसे घालू नका. गॅसच्या डब्यावर आटे फिरवून बसवायचा छोटा बर्नर शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. पंप मारायला नको, काजळी धरत नाही. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतं, म्हणजे डबा त्याहून गरम असेल तोवर वाफ येत राहते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. तिथे डिसेंबरच्या पहाटेही साधा डबा चालतो, फार तर थोडा कुरकुरतो. कोकणकड्यावर वारा सुटला की ज्योत आडवी होते, पण त्याला आडोसा पुरतो. फक्त पत्र्याच्या आडोशाने डबा चहूबाजूंनी बंदिस्त करू नका, तो तापून फुटू शकतो.

हिशेब बदलतो तो लडाख-स्पितीत, महिनाभराच्या सायकलवारीत किंवा बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तिथे. गॅसचा डबा विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. रेल्वेतही ज्वालाग्राही माल नेणं गुन्हा आहे: रेल्वे कायदा १९८९, कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे इंधन पोहोचल्यावरच घ्यायचं, आणि तिथे काय मिळेल यावर स्टोव्ह ठरतो.

परदेशी माहितीपत्रकांत पहिलं नाव ‘व्हाइट गॅस’चं असतं. हा स्वच्छ केलेला, पेट्रोलसारखा द्रव आपल्याकडे सहजी मिळत नाही, तेव्हा ते नाव वाचून हुरळू नका. उरतं पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि डब्यातला गॅस.

पेट्रोल सगळीकडे मिळतं, पण आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि काही प्रकारचं रबर फुगवतं, म्हणून ट्रेकहून आल्यावर बाटलीत पेट्रोल ठेवायचं नाही आणि ओ-रिंगचा (सांध्यातल्या रबरी कडीचा) जादा जोड जवळ ठेवायचा. बरेच पंप बाटलीत पेट्रोल द्यायला नकार देतात. सोबतच्या गाडीतून काढून घेणं हा तेव्हाचा उपाय. शिवाय पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. रॉकेल त्या मानाने सभ्य. सांडलं तर वास येतो, लगेच भडका उडत नाही. पण बर्नर तापवायला वेळ खातं आणि भांडं काळं करतं. शिवाय रेशनचं रॉकेल बऱ्याच राज्यांत आटलंय (दिल्ली तर २०१४ सालीच रॉकेलमुक्त जाहीर झाली), त्यामुळे डोंगरातल्या गावात दुकानदाराला विचारूनच बेत पक्का करावा. डिझेल हा शेवटचा पर्याय: काजळी सर्वांत जास्त, आणि कडक थंडीत ते गोठून दाट होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते त्याचसाठी.

आता स्टोव्ह. चार नावं समोर ठेवली तरी निवड होते.

अमेरिकन एमएसआर कंपनीचा व्हिस्परलाइट युनिव्हर्सल गॅस, पेट्रोल, रॉकेल तिन्हीवर चालतो, डिझेलवर नाही. चौघांत वजनाला हलका, आवाजाला मऊ. डबा उलटा धरायचा स्टँड सोबत येतो. थंडीत त्याचा मोठा उपयोग, कारण डब्यात प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असेल तर सुलट्या डब्यातून आधी प्रोपेन निघून जातं आणि खाली ब्युटेन सुस्त पडून राहतं. उलटा केला की द्रवच नळीत येतो आणि तापलेल्या बर्नरपाशी त्याची वाफ होते. याची कमजोरी म्हणजे मंद आच: द्रव इंधनावर झडप फक्त पंपापाशी असल्याने आच कमी करायला बाटलीत दाबच कमी ठेवावा लागतो.

प्रायमस ऑम्निफ्युएल डिझेलही जाळतो. यात दुसरी झडप बर्नरजवळ असते, त्यामुळे आच नीट आवरते. इंधनागणिक जेट (इंधन बाहेर सोडणारी बारीक भोकाची तोटी) वेगळा: गॅसला ०.४५ मिलिमीटर भोकाचा, पेट्रोलला ०.३७, रॉकेल-डिझेलला ०.२८. रॉकेल मोठ्या भोकाच्या जेटवर जाळलं की पिवळी ज्योत आणि धूर, हा नवख्यांचा ठरलेला घोळ. जेट बदलताना हातातून गवतात पडला तर सापडत नाही, म्हणून खाली रुमाल पसरूनच काम करा.

एमएसआर एक्सजीके-ईएक्स म्हणजे बर्फ वितळवायचं यंत्र. पेट्रोल आणि रॉकेल एकाच जेटवर चालतं, डिझेलही जळतं, पण डब्यातला गॅस नाही. आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. मंद आच जवळजवळ नाहीच.

त्याचाच भाऊ, एमएसआरचाच ड्रॅगनफ्लाय तितकाच गरजतो, तोही डब्यावर चालत नाही, पण दोन झडपांमुळे आच हवी तितकी बारीक होते.

हे मंद आचेचं पुराण आपल्याला का लागतं? तर कुकरमुळे. साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे लेहच्या उंचीला, पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. डाळ पातेल्यात तासभर ठेवली तरी कडकच राहते. तिथे छोटा कुकर लागतो, आणि शिट्टी झाल्यावर आच उतरवता आली नाही तर डाळ तळाला लागते नि इंधनही जातं. म्हणून डाळ-भात शिजवणाऱ्यांनी ड्रॅगनफ्लाय किंवा ऑम्निफ्युएल घ्यावा, आणि गॅसचीही मुभा हवी असेल तर ऑम्निफ्युएलच. नूडल्स, ओट्स, चहावर निभावणाऱ्यांना व्हिस्परलाइट पुरतो. एक्सजीके मोठ्या मोहिमेसाठी ठेवा.

ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता त्यांना यातलं काहीच परकं नाही. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या प्रायमसचंच ते तंत्र: बर्नर आधी तापवायचा, मग इंधनाची वाफ होऊन निळी ज्योत येते. तेव्हा स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा होता, आता बर्नरखाली छोटी वाटी असते. बाटली खुणेपर्यंतच भरा, वर हवेला जागा हवी. भरलेल्या बाटलीला वीस-तीस दट्टे पुरतात, अर्धी झाली की जास्त लागतात, कारण दाबायची हवा वाढते. झडप क्षणभर उघडून वाटीत अर्धा चमचा इंधन येऊ द्या, झडप बंद करा, मग काडी लावा. रॉकेल असेल तर वाटीत केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला, काजळी वाचते. ज्योत विझत आली की झडप हळूहळू उघडा. पिवळी ज्योत उसळली तर घाई झाली: बंद करा, पुन्हा तापवा. हे सगळं तंबूबाहेर. आत भडक्याची भीती आहेच, पण कार्बन मोनॉक्साइड न सांगता मारतो.

बिघाड बहुतेक वेळा तीनच. पंप पोकळ चालतो, दाब धरत नाही: दट्ट्याचा चामडी वायसर सुकलाय, तेलाचा थेंब लावून बोटाने कडा फाकवा. ज्योत बारीक होत जाते: जेटमध्ये कचरा. एमएसआरच्या तिन्हींत आतच सुई असते, स्टोव्ह गार करून वर-खाली खडखडवला की भोक मोकळं होतं. ऑम्निफ्युएलला जेट काढून पिन मारावी लागते. जोडाशी इंधन पाझरतं: ओ-रिंग गेली, ती बदलेपर्यंत काडी ओढायची नाही. रॉकेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून गाळून घेतलं तर दुसरा बिघाड निम्म्याने टळतो.

बंद करण्यातही फरक आहे. प्रायमसची बाटली उलट बाजूला पालथी केली की नळीत हवा शिरते, उरलंसुरलं इंधन जळून जातं आणि सोडवताना हात कोरडे राहतात. एमएसआरला झडप बंद करून ज्योत आपोआप विझेपर्यंत थांबावं लागतं, तरी पंप काढताना चार थेंब सांडतातच. पंप आणि बाटली एकाच कंपनीची ठेवा, आटे जुळले तरी जोड घट्ट बसेल याची खात्री नसते.

द्रव इंधन माणशी रोज शंभर ते सव्वाशे मिली धरा, बर्फ वितळवायचा असेल तर दुप्पट. दोघांच्या चार दिवसांना लिटरभर.

परतीच्या विमानाआधी बाटली पूर्ण रिकामी करून तासभर निथळू द्या, नंतर किमान सहा तास झाकण उघडं ठेवा. एवढं करूनही स्टोव्ह फक्त चेक-इनमध्ये, आणि विमान कंपनीची परवानगी आधी घेऊनच.