कोर्स चांगला आहे, पण अधिकाऱ्यांचं काय?

पाचपैकी चार तारे. सक्तीच्या लष्करी सेवेने दुभंगलेला समाज जोडला जातो का, एवढ्या एकाच प्रश्नाला वाहिलेला हा ऑनलाइन कोर्स मी नुकताच पूर्ण केला. माझी उमेदीची वर्षं रंगरूटांना कवायत शिकवण्यात गेली. वेगवेगळ्या भाषांची, धर्मांची पोरं एका बराकीत राहिली की दोस्ती होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती दोस्ती घरी गेल्यावर टिकते का, हे मात्र छावणीत बसून कळत नाही. कोर्स नेमका तिथेच हात घालतो.

युगोस्लाव्हियाचा धडा सर्वांत सरस. सहा प्रजासत्ताकं मिळून बनलेल्या त्या देशात जवानाला शक्यतो स्वतःच्या प्रजासत्ताकाबाहेर नेमायचे, म्हणजे पोरगा दुसऱ्यांच्यात मिसळेल. ‘बंधुता आणि एकता’ हे तर देशाचं ब्रीद. कित्येक पिढ्यांचे पुरुष या सेवेतून गेले. तरी जून १९९१ मध्ये त्यातल्या स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि बघता बघता ते सैन्यच फुटलं. शिक्षकांनी हे फार सावकाश, जीव ओतून शिकवलंय.

इस्रायलचा भागही मोलाचा. द्रुझ या अरबी बोलणाऱ्या, वेगळा धर्म पाळणाऱ्या छोट्या समाजातल्या पुरुषांना १९५६ पासून सक्ती, पण बहुतेक अरब नागरिकांना बोलावणंच नाही. हरेदी, म्हणजे कर्मठ ज्यू, तरुणांची सूट दशकानुदशकं चालली. त्यांनाही भरती करा, असं सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सांगितलं. जिथे ओळखी आणि मान सैन्यातून मिळतो, तिथे ज्याला बोलावलं नाही तो आपोआप परका ठरतो. हे मला पूर्ण पटलं.

एक तारा कापला तो अधिकाऱ्यांसाठी. माणसं जवळ यायची तर त्यांचा दर्जा समान हवा, हा मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचा १९५४ चा सिद्धांत कोर्स सुरुवातीलाच सांगतो आणि मग विसरतो. युगोस्लाव्ह अधिकाऱ्यांत सर्ब आणि मॉन्टेनेग्रिन लोकसंख्येच्या मानाने जास्त होते, याला अवघं एक वाक्य! अहो, हुकूम कोण देतो आणि कोण झेलतो, हे रंगरूट पहिल्या आठवड्यात ओळखतो. ऑस्ट्रिया-हंगेरी या जुन्या बहुभाषिक साम्राज्याचंही तसंच. तिथे कवायतीचे हुकूम जर्मन, साधारण ऐंशी शब्दांचे. पण पलटणीत जी भाषा पुरेसे जवान बोलत ती अधिकाऱ्याला शिकावीच लागे. जवानाशी त्याच्या बोलीत बोलणारा साहेब किती फरक पाडतो, यावर एक अख्खा तास हवा होता. इथे ते पाच मिनिटांत आटोपलंय.

प्रश्नमंजुषा नुसत्या सनावळ्या विचारते, ती सोडलीत तरी चालेल. युगोस्लाव्हियातूनच वेगळ्या झालेल्या बॉस्नियाचं व्याख्यान मात्र चुकवू नका. तिथे सक्तीची भरती बंद करून २००६ पासून एकच व्यावसायिक सैन्य उभं केलं. ब्रिगेडी मिश्र ठेवल्या, तरी बॉस्नियाक, सर्ब आणि क्रोएट या तीन समाजांच्या परंपरा जपणाऱ्या तीन वेगळ्या रेजिमेंटही राखल्या. सक्तीशिवाय हे कसं जमवलं, ते ऐकण्यासारखं आहे.