निळ्या डेलियाचे कंद मागवण्याआधी हे वाचा

डेलियाचे कंद ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर आधी माझा अनुभव वाचा. माझे १,८०० रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते हे, की डेलियाचा एक अख्खा हंगाम हातचा गेला.

ऑगस्टच्या शेवटी मोबाइलवर एका पेजवर गडद निळ्या डेलियाचा फोटो दिसला. ताटाएवढं फूल. सहा कंद, प्रत्येकी ३०० रुपये, पैसे आधी. वाईला आमच्या अंगणात आईचा मरून डेलिया असायचा. फुलं संपली की ती कंद उकरून कोरड्या राखेत जपायची. तिला निळा डेलिया दाखवायचा या हौसेने मी पैसे पाठवले.

पहिली थाप रंगाची. डेलिया पांढरा, पिवळा, लाल, जांभळा, अगदी काळपट मरूनसुद्धा असतो, पण खरा निळा नसतो. बहुतेक निळ्या फुलांत असणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य या झाडात तयारच होत नाही. त्या फोटोत पानांवरही निळसर झाक होती, म्हणजे फोटोच रंगवलेला. ती मला पैसे गेल्यावर दिसली.

दुसरी थाप कंदांची, आणि ती लवकर कळत नाही. पार्सलमधले कंद टणक, स्वच्छ धुतलेले, लहान रताळ्यांसारखे होते. पण सहाही मानेतून, म्हणजे वरच्या निमुळत्या भागातून, तुटलेले. बटाट्याला डोळे अंगभर असतात, डेलियाचं तसं नाही. याचा डोळा फक्त वरच्या टोकाला, मान जुन्या खोडाला जिथे जोडलेली असते तिथे असतो. नीट पाहिलं तर ज्वारीच्या दाण्याएवढा, किंचित गुलाबी फुगवटा दिसतो. खोडाचा तो तुकडा सोबत नसेल तर कोंब फुटणार कुठून?

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सप्टेंबरमध्ये कुंड्या भरल्या, कंद लावले, पाणी बेताने दिलं. महिना झाला तरी काही नाही. विचारलं तर उत्तर, "ताई, धीर धरा, डेलियाला वेळ लागतो." एक कुंडी हलकेच उकरली. कंद टणक आणि बुडाशी पांढरीशुभ्र मुळं! मला इतका आनंद झाला की मी लगेच माती सारखी केली. बिनडोळ्याचा कंदही मुळं धरतो, कितीतरी आठवडे तसाच राहतो आणि कोंब कधीच काढत नाही, हे मला नंतर एका जुन्या नर्सरीवाल्या काकांनी सांगितलं. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याला फक्त दिवस काढायचे होते.

नोव्हेंबरच्या मध्यात पैसे परत मागितले. "पाणी जास्त झालं असेल" असा मेसेज आला. खोटं वाटेल, पण दोन दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. बाग करणारा माणूस आधी आपलीच चूक शोधतो. मग पेजवर कंदांचे फोटो टाकले, तर मला ब्लॉक केलं.

म्हणून सांगते, पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा आणि प्रत्येक कंदाच्या मानेचा जवळून फोटो घ्या. डोळा दिसत नसेल तर कंद ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) उबदार जागी ठेवून बघा, पण तक्रार त्याच दिवशी करा, कोंबाची वाट बघत बसू नका. शक्यतो जवळच्या नर्सरीतून मुळं धरलेलं कटिंग हातात घेऊन, पानं उलटून बघून आणा. बियांच्या पाकिटावर फोटो कितीही सुंदर असला तरी बीपासून नेमका तोच रंग येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. तेच पेज दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झालंय, फोटो तोच आहे, पानांवरच्या निळ्या झाकेसकट.