शेवंती-गोजी, बोर-आलं की हुआंगची? चिनी वनस्पतींचा चहा निवडताना

चिनी वैद्यकात एकमेकींशी न जमणाऱ्या औषधींची 'अठरा विरोध' अशी जुनी यादी आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टी घरच्या चहात पडतच नाहीत. घोळ होतो तो सुरू असलेल्या गोळ्यांशी, म्हणून चवीआधी गोळ्यांची पाकिटं बघा.

शेवंती-गोजी. उकळी बसलेल्या 300 मिली पाण्यात पाच-सहा सुकी फुलं आणि छोटा चमचाभर गोजी (छोटी लाल सुकी फळं) घालून पाच मिनिटं झाका. गोजी उकळू नका. पाणी गढूळ होतं, चवही बिघडते. प्रकृतीने हा चहा थंड मानतात, पोट सैल असेल तर मानवत नाही. वॉरफेरीन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी गोजी टाळावी. तिने रक्त आणखी पातळ होऊन रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. गाजर गवताने अंगाला खाज सुटणाऱ्यांनी शेवंतीपासूनही लांब राहावं, कूळ एकच. आणि हाराची शेवंती सुकवून वापरू नका, तिच्यावर फवारणी झालेली असते.

लाल बोर-आलं. चार सुकी चिनी बोरं चिरून, बिया काढून, आल्याच्या तीन चकत्यांसह 400 मिली पाण्यात मंद आचेवर पंधरा मिनिटं. अख्खं बोर टाकलं तर सालीआडचा गोडवा पाण्यात उतरतच नाही. थंडीत उत्तम. मात्र ॲसिडिटीवाल्यांना झोंबतो, आणि मधुमेह्यांनी बोरांची साखर हिशोबात धरावी.

हुआंगची-बोर. हुआंगची म्हणजे मुळीच्या फिकट पिवळ्या चकत्या. कपात गरम पाणी ओतून भागत नाही. नुसतं पिवळं पाणी मिळतं. दहा ग्रॅम चकत्या 500 मिली पाण्यात वीस मिनिटं भिजवून अर्धा तास मंद उकळा, दोन बोरं शेवटी. ताप-सर्दीत चिनी वैद्य ही सहसा देत नाहीत. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ही घेऊच नये.

गोळ्या नसतील, गाजर गवताचा त्रास नसेल, तर सुरुवात शेवंती-गोजीने करा. चुकायला वाव सगळ्यात कमी. पहिले काही दिवस दिवसाला एकच कप.

खरी मेख ज्येष्ठमधात आहे. गोडीसाठी तिन्हींत घातलं जातं, शिवाय आपल्याकडे काढ्यातही असतं आणि खोकल्यात तुकडा तोंडात असतोच. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच कमी होत असेल तर हृदयाच्या ठोक्यांपर्यंत प्रकरण जातं. रक्तदाबवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते चहातून वगळावंच.

खरेदीत भडक लालबुंद गोजी आणि आंबूस वासाची फुलं नकोत. गंधकाची धुरी दिलेली असू शकते, दमेकऱ्यांना ती बाधते. नाव न लिहिलेली मिश्र पुडी तर फुकटही घेऊ नका. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात फांगजी या चिनी मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीची मुळी गेली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली.